अपूर्णांकांशी सूत जुळेना!

आलेलं पत्र:

बाई, नमस्कार. माझं वय २७, सुतारकाम शिकतोय, तेव्हा मला अहो-जाहो करू नका. नववीत शाळा सुटली आणि ती सुटण्यात अपूर्णांकांचा हात मोठा होता. गेल्या महिन्यात पाऊण इंची फळीवर ३/८ इंचाची पट्टी स्क्रूने बसवायची होती. दोन्हींची मिळून जाडी किती, असं मिस्त्रींनी विचारलं. मी पुठ्ठ्यावर ३/४ + ३/८ = ६/१२ मांडलं, म्हणजे अर्धा इंच. जाडीच्या आत राहतील असे स्क्रू त्या हिशोबाने घेऊन आलो, तर ते पट्टीतच संपले, फळीपर्यंत पोचलेच नाहीत. मिस्त्री म्हणाले, "नऊ सूत होतंय रे," आणि सगळे हसले. दोन महिन्यांनी माझी लेखी परीक्षा आहे. गुणाकारात छेद सारखे करायचे की नाही, भागाकारात उलटं का करायचं आणि भागल्यावर संख्या वाढते कशी, हे मला अजून कळलेलं नाही. आणि परीक्षेत सूत लिहिलेलं चालतं का?
– सूत न जुळलेला

अरे सूत न जुळलेल्या,

मिस्त्री हसले ते सोडून दे. पण हसण्याआधी ते जे बोलले ते तू पत्रात जसंच्या तसं लिहिलंस, हे फार बरं केलंस. तुझ्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर त्या दोन शब्दांत आहे: नऊ सूत.

त्यांनी काय केलं बघ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पाऊण इंचात सहा सूत. पट्टी तीन सुतांची. सहा आणि तीन, नऊ. कागद नाही, पेन्सिल नाही. आता हेच तुझ्या पुठ्ठ्यावर लिहून बघ: ३/४ म्हणजे ६/८, आणि ६/८ + ३/८ = ९/८. आठ सुतांचा एक इंच झाला, एक सूत उरलं, म्हणून १ पूर्णांक १/८ इंच. शाळेत ज्याला 'समच्छेद करणे' म्हणतात आणि ज्याच्या नावानेच तुला घाम फुटायचा, तेच हे. शब्द मात्र चांगलाच जुना आहे हं. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त अपूर्णांकांच्या बेरजेआधी हाच 'समच्छेद' येतो. तुझ्या मिस्त्रींना तो शब्द ठाऊक असो-नसो, कृती त्यांच्या हातात आहे.

मग तुझं कुठे बिनसलं? तू खालच्या आकड्याला आकडा समजलास. तो आकडा नाही, नाव आहे. ३/८ मध्ये वरचा ३ सांगतो 'किती', आणि खालचा ८ सांगतो 'काय'. काय, तर आठवे भाग. आपण शाळेत 'तीन छेद आठ' असं वाचतो तिथेच हा घोळ सुरू होतो, कारण तसं वाचल्यावर दोन्ही सारख्याच तोलाच्या संख्या वाटतात. 'तीन अष्टमांश' असं वाच. 'अष्टमांश' हे तुकड्याचं नाव, आणि ते तीन आहेत. आता तीन चतुर्थांश आणि तीन अष्टमांश मिळून किती? तीन फूट आणि तीन इंच मिळून 'सहा' कोणी म्हणत नाही. म्हटलंच तर आपण विचारू, सहा काय? तुझ्या बेरजेत नेमका हाच प्रश्न विचारायचा राहिला. आणि उत्तर देताना तू नावांचीही बेरीज केलीस, ४ आणि ८ मिळून १२. त्या पट्टीत बारावा भाग कुठेही नव्हता.

तरी एक सांगते, तुझी चूक वेडगळ नाही. अशीच मांडणी एका वेगळ्या प्रश्नाला अगदी बरोबर उत्तर देते. समज, एका पुडीत चार स्क्रू, त्यातले तीन वाकडे. दुसरीत आठ, त्यातलेही तीन वाकडे. दोन्ही पुड्या एकत्र ओतल्या तर बारापैकी सहा वाकडे, म्हणजे निम्मे. इथे वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेले चालतात, कारण पूर्ण वस्तूच बदलली: आधी ४ ची पुडी, मग ८ ची, शेवटी १२ चा ढीग. जाडी मोजताना मात्र पूर्ण वस्तू एकच असते, एक इंच. तो फळीसाठीही तेवढाच आणि पट्टीसाठीही तेवढाच. वर्गात ही चूक करणारी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आणि सुरुवातीला त्यांच्यावर ओरडलेही. पुढे लक्षात आलं की त्यांच्या डोक्यात 'इतक्यांपैकी इतके' हा अर्थ पक्का बसलेला असतो आणि त्याच अर्थाने ती बेरीज करतात. मग ओरडणं थांबवलं.

चूक कागदावरच पकडायची असेल तर एक सवय लाव. उत्तर काढण्याआधी ते साधारण कुठे पडेल ते तोंडी सांग. तू पाऊण इंचात आणखी काहीतरी मिळवत होतास आणि हाती अर्धा इंच आला. भर घातली आणि कमी झालं! हे कुणालाही खटकलं असतं. तुला खटकलं नाही, कारण ६/१२ कडे बघताना तू आकडे बघत होतास, लांबी नाही. आणि अंदाजासाठी लागणारे शब्द आपल्या भाषेत किती तयार आहेत! पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच. पाऊण म्हणजे पाव ऊन, पावाने कमी. सव्वा म्हणजे पावासह एक. तुला कोणी विचारलं, पाऊण तास आणि अर्धा तास मिळून किती, तर तू क्षणात सव्वा तास म्हणशील. म्हणजे ३/४ + १/२ = ५/४ तुला येतंच आहे, फक्त त्याचा पोशाख बदलला की तू त्याला ओळखत नाहीस.

आता सूत जिथे कामाला येत नाही तिथलं बघू, कारण परीक्षेत टेपवर नसलेले तुकडे हमखास येतात. २/३ + १/४ घे. तिसरा भाग आणि चौथा भाग, दोन्हींना एकच नाव कसं द्यायचं? दोघांचेही बिनबाकी तुकडे पडतील असा लहान तुकडा शोधायचा. बारावा भाग चालतो: एका तृतीयांशात असे चार, एका चतुर्थांशात तीन. म्हणून ८/१२ + ३/१२ = ११/१२. एकाला थोडं कमी. पटतंय? दोन तृतीयांशाच्या पुढे एक तृतीयांश गेलो असतो तर पूर्ण एक झालं असतं. आपण त्याहून लहान पाव मिळवला.

छेद सारखा करताना वर-खाली एकाच संख्येने गुणायचं, हा नियम तुला आठवत असेल. त्यामागे काहीही गूढ नाही. प्रत्येक तुकड्याचे चार केले तर तुकडे चौपट झाले आणि प्रत्येक तुकडा चौथाई झाला. लांबी होती तेवढीच. फक्त वर गुणलंस किंवा फक्त खाली गुणलंस तर लांबी बदलली.

सारखा छेद शोधताना दोन्ही छेदांचा गुणाकार केला तरी उत्तर चुकत नाही, फक्त आकडे फुगतात. ५/६ + ३/८ ला तू ४८ घेतलास तर ४०/४८ + १८/४८ = ५८/४८, मग दोनाने भागून २९/२४. त्यापेक्षा मोठ्या छेदाचा पाढा म्हण: आठ, सोळा, चोवीस. थांब, चोवीसला सहाने भाग जातो. तोच लसावि. २०/२४ + ९/२४ = २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४. परीक्षेत लसावि काढायला मूळ अवयव पाडत बसू नकोस. छेद लहान असतील तर पाढाच लवकर पोचवतो. कोणता अपूर्णांक मोठा हे ठरवायलाही हीच युक्ती. ९/१६ दिसायला दांडगा वाटतो, पण ५/८ म्हणजे १०/१६, म्हणून ५/८ मोठा.

वजाबाकीत नवीन काही नाही, एका खड्ड्याशिवाय. ७ पूर्णांक ३/८ मधून २ पूर्णांक ५/८ वजा कर. तीन सुतांतून पाच सूत जात नाहीत, म्हणून सातातला एक इंच मोडायचा. आणि इथे हात सवयीने दहा आणतो! एक इंच मोडला तर आठ सूत मिळतात, दहा नाही. तीन आणि आठ, अकरा सूत. त्यातून पाच गेले, सहा उरले. इंच सहातून दोन गेले, चार उरले. उत्तर ४ पूर्णांक ६/८, म्हणजे पावणेपाच इंच. दहा आणले असतेस तर तेरातून पाच जाऊन आठ सूत, म्हणजे वर आणखी पूर्ण इंच, आणि उत्तर पाच इंच आलं असतं. दोन सुतांची चूक. कपाटाच्या दाराला दोन सूत काय करतात ते मी तुला सांगायला नको.

गुणाकार. छेद सारखे करायचे का? नाही, गरजच नाही. कारण इथे तू दोन तुकडे शेजारी ठेवत नाहीस, एका तुकड्याचा आणखी तुकडा काढतोस. २/३ × ३/४ याचा अर्थ 'तीन चतुर्थांशांचे दोन तृतीयांश'. गुणिले चिन्हाच्या जागी 'चा-ची-चे' वाचलंस की काम हलकं होतं. तीन चतुर्थांश म्हणजे तीन तुकडे. तीन तुकड्यांचे दोन तृतीयांश म्हणजे त्यातले दोन तुकडे. दोन चतुर्थांश, म्हणजे अर्धा. आकडेमोड केलीस का काही?

सगळीच उदाहरणं इतकी सरळ नसतात. २/३ × ४/५ साठी एक आयत काढ. उभे पाच भाग कर, त्यातले चार रंगव. आता त्याच आयताचे आडवे तीन भाग कर आणि त्यातले दोन पट्टे तिरप्या रेघांनी भर. एकूण घरं पंधरा, रंग आणि रेघा दोन्ही असलेली घरं आठ. उत्तर ८/१५. वर वरचे गुणायचे, खाली खालचे गुणायचे, हा नियम त्या आयतातून डोळ्यांदेखत निघतो: तीन पाचे पंधरा घरं आणि दोन चोक आठ भरलेली. बेरजेत 'वरचं वर, खालचं खाली' चुकतं आणि गुणाकारात तेच बरोबर ठरतं, हा तुझ्यावर झालेला अन्याय आहे खरा. पण नियम पाठ न करता हा आयत लक्षात ठेवलास तर गल्लत होणार नाही.

गुणण्याआधी काटाकाट करून घे. ८/१५ × ५/१२ मध्ये ८ आणि १२ ला चाराने भाग, ५ आणि १५ ला पाचाने; उरतं २/३ × १/३ = २/९. नाहीतर ४०/१८० घेऊन बसशील. पण ही काटाकाट फक्त गुणिले चिन्हाच्या दोन बाजूंना चालते. अधिक चिन्ह मध्ये असताना मी कितीतरी वह्यांत १/२ + २/३ मधले दोनास दोन कापून उत्तर १/३ लिहिलेलं पाहिलंय. अर्ध्यात मिळवलं आणि तिसरा भाग उरला! तुझी वही एकटी नाही.

आणखी एक खास जागा: अडीच गुणिले साडेतीन. बरेचजण दोन त्रिक सहा, अर्ध्याचा अर्धा पाव, म्हणून सव्वासहा सांगतात. आता तोंडी करून बघ. तीन अडीचा साडेसात. अर्धा अडीचा सव्वा. साडेसात आणि सव्वा, पावणेनऊ. मग सव्वासहात काय हरवलं? दोनाला त्या अर्ध्याने आणि तीनाला या अर्ध्याने गुणायचं राहिलं; एक आणि दीड, एकूण अडीचाची गळती. कागदावर मांडशील तेव्हा आधी दोन्ही अंशाधिक करून घे, ५/२ × ७/२ = ३५/४, आणि तेच ८ पूर्णांक ३/४. पूर्वी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. साडेतीनचाही पाढा असे, औटकी. ते पाठांतर परत आणावं असं मी म्हणणार नाही, पण ज्यांनी केलं त्यांना असल्या गुणाकारासाठी पेन्सिल शोधावी लागत नसे हे खरं.

आता तुझा खरा प्रश्न, भागाकार. भागल्यावर वाढतं कसं? ३ ÷ १/४ म्हणजे तीन इंचांत पाव इंचाचे तुकडे किती बसतात. एका इंचात चार, तिनात बारा. तीनाचे बारा झाले, पण तीन होते इंच आणि बारा आहेत तुकडे. लाकूड वाढलेलं नाही. लहान मापाने मोजलं की आकडा मोठा येतो, एवढंच. आपण भागाकार म्हटलं की 'वाटणी' ऐकतो, आणि पाव माणसांत वाटणी करायची म्हणजे काय ते कुणालाच समजत नाही. म्हणून अपूर्णांकाने भागायचं असेल तेव्हा 'यात ते किती वेळा बसतं' असं विचार.

हा प्रश्न विचारलास की उलटं न करताही उत्तर येतं. ३/४ ÷ ३/८: सहा सुतांत तीन सूत किती वेळा? दोन वेळा. छेद सारखा केला की छेद विसरायचा आणि वरच्यांना वरच्यांनी भागायचं. २/३ ÷ ३/४ घे: ८/१२ ÷ ९/१२, म्हणजे आठ भागिले नऊ, ८/९. एकापेक्षा कमी, कारण पाऊण तुकडा त्याच्याहून लहान असलेल्या दोन तृतीयांशात पूर्ण बसणारच नाही. परीक्षेत ही रीत वापरलीस तर उत्तर तेच येतं आणि ती रीत पूर्ण बरोबर आहे.

मग उलटं करायची भानगड कशाला? कारण ते त्याच गोष्टीचं लघुरूप आहे. एका इंचात पाऊण इंच किती वेळा बसतो? एका इंचात चार चतुर्थांश, आणि आपला गठ्ठा तीन चतुर्थांशांचा; चारात तीनाचा गठ्ठा ४/३ वेळा. ३/४ उलटा होऊन ४/३ झाला तो इथे, कुणी हुकूम दिला म्हणून नाही. एका इंचात ४/३ वेळा, तर दोन तृतीयांश इंचात त्याच्या दोन तृतीयांश वेळा: २/३ × ४/३ = ८/९. उलटायचा तो नेहमी दुसरा, ज्याने भागतोस तो. कारण 'एकात किती वेळा' हे आपण त्याच्याबद्दल विचारलं. हाही नियम 'लीलावती'त आहे: भाजकाचे अंश आणि छेद यांची अदलाबदल करा आणि पुढे गुणाकाराची रीत वापरा. सव्वाआठशेहून जास्त वर्षं मुलं तो म्हणत आली आहेत. 'का' विचारणारी नेहमीच थोडी असतात, तू त्यातला निघालास.

तुझ्या कामात नक्की येईल असं एक उदाहरण देते. पाच इंच रुंदीच्या फळीतून पाऊण इंची पट्ट्या किती निघतील? ५ ÷ ३/४ = ५ × ४/३ = २०/३ = ६ पूर्णांक २/३. सहा पट्ट्या. उरलं किती? इथे भलेभले 'दोन तृतीयांश इंच' म्हणतात. टेप लाव: सहा पट्ट्यांचे साडेचार इंच, पाचातून साडेचार गेले, अर्धा इंच उरला. ते २/३ इंचाचे नव्हते, पट्टीचे होते. पाऊण इंचाचे दोन तृतीयांश म्हणजे अर्धा इंच, वर आपण काढलेलं तेच. भागाकाराच्या उत्तरातला अपूर्णांक नेहमी ज्याने भागलं त्याच्या मापात असतो. (प्रत्येक कापाला करवत थोडं लाकूड खाते, ते मी धरलेलं नाही. पेपरातही बहुधा धरायचं नसतं. फळीवर मात्र धर.)

सरावासाठी रोज वीस उदाहरणं करू नकोस, चार कर. पण प्रत्येकाच्या आधी समासात अंदाज लिही: 'एकापेक्षा जास्त', 'अर्ध्याच्या आसपास', 'दोन आणि तीनच्या मध्ये'. उत्तर अंदाजाशी जुळलं नाही तर दोघांपैकी कोण चुकलंय ते शोध. कधी अंदाज चुकलेला असतो, आणि तेव्हा सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. टेप खिशात असतोच. त्यावरच्या रेघा नीट बघ. अर्ध्याची रेघ लांब, पावाची तिच्याहून आखूड, सुताची आणखी आखूड, अर्ध्या सुताची सगळ्यांत बुटकी. सममूल्य अपूर्णांकांचा तक्ताच आहे तो.

राहिला शेवटचा प्रश्न. उत्तरपत्रिकेत सूत लिहू नकोस. प्रश्न इंचांत असेल तर उत्तर इंचांतच हवं, अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात, अंशाधिक आला असेल तर पूर्णांकयुक्त करून. ९ सूत नव्हे, १ पूर्णांक १/८ इंच. कच्च्या कामासाठी जी जागा सोडलेली असते तिथे मात्र खुशाल सूत लिही. ती कोणी तपासत नाही.

– बाई